सल्ला : खो-खो सुटला, आता ट्रेनर होऊ का?

पत्र

ताई, नमस्कार. मी सव्वीस वर्षांची आहे, बडोद्यात मांजलपूरला राहते. पाचवीत असताना शाळेतल्या सरांनी खो-खोला नेलं आणि तिथून मैदान सुटलंच नाही. तीनदा राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले. अडीच वर्षांपूर्वी साखळी पळताना हूल देऊन वळले आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतलं लिगामेंट, तुटलं. ऑपरेशन झालं, नऊ-दहा महिने फिजिओ केली, परत उतरले, पण पाय पूर्वीसारखा बिनधास्त टाकता येईना. शेवटी खेळ सोडला. बी.कॉम. झालंय, मकरपुऱ्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आता गोत्रीकडच्या एका जिमवाल्यांनी विचारलंय, 'तुम्ही नॅशनल प्लेअर आहात, पर्सनल ट्रेनर म्हणून या.' महिना बारा हजार आणि पर्सनलच्या फीमध्ये वाटा. सर्टिफिकेट मागाहून करा म्हणतात. प्रोटीनचे डबे विकले तर त्याचं कमिशन वेगळं. बाबा म्हणतात, 'एवढी वर्षं घाम गाळून शेवटी लोकांच्या हातात डंबेल्स द्यायचे का?' मला शिकवायला आवडतं. पण जानेवारी २०२५ मध्ये खो-खोच्या वर्ल्ड कपची फायनल टीव्हीवर लागली होती, तेव्हा मी मधेच उठून आतल्या खोलीत जाऊन रडले. ट्रेनर झाले म्हणजे खेळाडू म्हणून संपले, असंच ना? काय करू?

— एक खेळाडू, बडोदे

उत्तर

प्रिय मुली,

आतल्या खोलीत जाऊन रडलीस ते वाक्य मी दोनदा वाचलं, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. पगार, सर्टिफिकेट, डबे, सगळ्याला हात घालू, पण नंतर.

मी चारशे मीटर पळायचे. ते सुटलं तेव्हा चोवीस वर्षांची होते. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष संध्याकाळी पाच वाजले की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. कोणी साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी अंगावर जायचे. आई म्हणायची, हिला झालंय तरी काय. झालं काहीच नव्हतं. बारा वर्षं रोज पाच वाजता शरीर ज्याच्यासाठी तयार व्हायचं, ते येत नव्हतं, एवढंच. तुझंही तेच चाललंय. आपल्या मुलींनी कप उचलला, आणि तू घरात सोफ्यावर. रडू येणारच. त्यात हेवा नाही आणि कमकुवतपणाही नाही. पंधरा वर्षांचं एक माणूस घरातून गेल्यासारखं आहे ते.

पण म्हणूनच विचारते, जिमला 'हो' म्हणायचं तुझ्या मनात आहे ते शिकवायची ओढ आहे म्हणून, की पाच वाजता जायला एक जागा मिळेल म्हणून? दोन्ही खरं असू शकतं. मात्र दुसऱ्याच कारणासाठी गेलीस तर सहा महिन्यांत तिथेही रडशील. कारण ट्रेनरच्या तासात ट्रेनर घाम गाळत नाही. तू उभी असतेस. समोरच्या बाई बारा वेळा खाली-वर करतात आणि तू मोजतेस. मग दुसऱ्या बाई येतात, पुन्हा बारा. दिवसाला असे सहा-सात तास. त्यातला कुठलाच तास तुझा नसतो. ज्याला त्या बारातल्या नवव्या वेळी बाईंचा खांदा कसा वर चढला हे बघण्यात रस वाटतो, त्याचं हे काम. ज्याला बघता बघता स्वतःच करायची हुक्की येते, त्याला ते जाचतं.

हे घरबसल्या तपासता येतं. नोकरी सोडू नकोस. शेजारची एखादी काकू, ऑफिसातली एखादी मैत्रीण गाठ आणि महिनाभर आठवड्यातून तीन दिवस तिला फुकट शिकव. स्वतः एकही व्यायाम करायचा नाही, फक्त दाखवायचा. महिन्याअखेर तू थकलेली असशील, पण दुसऱ्या दिवशी तिला काय द्यायचं हे डोक्यात घोळत असेल, तर पुढचं वाच.

बाबांबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस. ते तुला कमी लेखत नाहीयेत. पंधरा वर्षं तुझ्या स्पर्धांच्या गाड्या, बूट, क्रेप बँडेज त्यांनीच पाहिलेत, त्याचं मोल त्यांना कुठेतरी दिसायला हवंय. पण बडोद्यात राहून व्यायाम शिकवणं हलकं काम वाटावं याचं मला फार वाईट वाटतं. दांडिया बाजारातून जाताना जुम्मादादा व्यायाम मंदिर त्यांनी शेकडो वेळा पाहिलं असेल. तिथे माणिकराव शिकवायचे. राजरत्न प्रोफेसर माणिकराव! मुलांना कसरत शिकवणाऱ्या माणसाच्या नावामागे या शहरात 'राजरत्न' आणि 'प्रोफेसर' लागायचं. निखळलेलं हाड बसवून घ्यायलाही लोक त्यांच्याकडे जात. त्यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात एक विद्यार्थी तयार झाला, जगन्नाथ गणेश गुणे, जन्म आपल्या जवळच्या डभोईचा. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं-प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय होतं ते उपकरणं लावून मोजायला घेतलं. आखाड्यात शिकलेला माणूस पुढे प्रयोगशाळेकडे वळला. तुझ्यापुढचा रस्ता साधारण त्याच दिशेचा आहे, म्हणून हे सांगितलं. बाबांना हे बोलून दाखवण्यापेक्षा एखाद्या रविवारी त्यांना तिथे घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट. 'नॅशनल प्लेअर आहात म्हणून या' असं त्या जिमवाल्यांनी म्हटलं, तिथेच मला भीती वाटली. तुझं खेळणं ही तुझी फार मोठी पुंजी आहे, पण तीच पहिल्या वर्षी तुला सर्वांत जास्त चुकवणार आहे. मला चुकवलं होतं.

मी शिकवायला लागून दोन-तीन महिनेच झाले होते. अडतीस वर्षांचे एक गृहस्थ आले, इंजिनिअर, बसून काम. पहिल्याच दिवशी म्हणाले, 'ताई, आज फोडून काढा.' मला आवडलं ते. मैदानावरचा माणूस वाटला. मी त्यांना बैठका घालायला लावल्या. वीस-वीसचे दहा हप्ते, मधे थोडा दम. दोनशे. आमचे सर आम्हाला घालायला लावायचे तेवढ्याच. शेवटच्या हप्त्यात त्यांचे पाय लटपटत होते आणि मी टाळ्या वाजवून 'हां, अजून पाच' म्हणत होते. गृहस्थ खूश होऊन घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नीचा फोन. मांड्या लाकडासारख्या टणक झाल्यात, वाकत नाहीत, आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. मी रिक्षा करून दवाखान्यात पोहोचले तेव्हा सलाइन लागलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. सवय नसलेल्या स्नायूवर एकदम फार भार पडला की त्याचे तंतू फुटतात, आतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तोसुद्धा माझ्यामुळे झोपलेल्या माणसाच्या खाटेजवळ उभी राहून. चार दिवसांनी ते घरी आले, पूर्ण बरे झाले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणाले, 'मीच म्हटलं होतं ना, फोडून काढा.' ते म्हणणं त्यांचं होतं, पण नको म्हणणं माझं काम होतं.

त्या रात्री मी आठवत बसले, आमच्या सरांनी मला दोनशेपर्यंत कधी नेलं. तीन वर्षांत नेलं होतं. पहिल्या पावसाळ्यात वीस, मग तीस, परीक्षेत बंद, पुन्हा वीसपासून. मला फक्त दोनशे आठवत होत्या, पायऱ्या सगळ्या विसरून गेले होते. खेळाडूचं शरीर असंच असतं, जिना विसरतं आणि गच्ची लक्षात ठेवतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तुला आजच सांगते. पाचवीत सरांनी तुला मैदानावर नेलं तेव्हा बरोबर किती मुली होत्या? तीस-चाळीस असतील. दहावीपर्यंत किती उरल्या? पाच-सहा. कोणाचे पाय दुखायचे, कोणाला दम लागायचा, कोणी जाड म्हणून हसलं गेलं, कोणाला सर ओरडले म्हणून ती परत आली नाही, कोणाला घरून बंद केलं. तू उरलीस, कारण तुझ्या शरीराने ते सगळं सोसलं आणि तुला तिथे कौतुक मिळालं. मधल्या काळात गळून गेलेल्या ज्या तीस-पस्तीस जणी, त्याच आता तुझ्याकडे येणार आहेत. पस्तिशीत, पंचेचाळिशीत, पैसे भरून आणि मनात धाकधूक घेऊन. त्यांच्यासाठी शिट्टी म्हणजे अपमान. 'अजून पाच' म्हणजे शाळेतलं ते मैदान. तुला ज्या आवाजाने चेव यायचा, त्याच आवाजाने त्यांनी व्यायाम सोडला होता. हे ज्या दिवशी तुझ्या आत उतरेल त्या दिवशी तू ट्रेनर झालीस असं मी म्हणेन, परीक्षा त्यानंतरची.

तेव्हा कोणी आलं की पहिला तास व्यायामाचा नाही, विचारण्याचा. बीपीची गोळी आहे का, कुठली आहे. काही गोळ्या अशा असतात की त्या घेणाऱ्याची नाडी फार वाढतच नाही. तुझ्या घड्याळात ठोके कमी दिसतील आणि माणूस मात्र पार दमलेला असेल. म्हणून घड्याळाबरोबर तोंडाकडे बघ. वाक्य पूर्ण बोलता येतंय तोवर ठीक, दोन शब्दांवर दम तुटायला लागला की हात आखडता घे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर शेवटचं कधी खाल्लं ते विचार. उपाशी पोटी व्यायाम करून साखर खाली गेलेलं माणूस घाम फुटून थरथरतं, आणि नवख्या ट्रेनरला वाटतं, वा, छान घाम आला. बाळंतपण कधी झालं, टाके होते का, खोकताना-उडी मारताना लघवीचा थेंब जातो का, हे बायका पुरुष ट्रेनरला सांगत नाहीत. तुला सांगतील. छातीत दुखतं, चालताना चक्कर येते असं कोणी म्हटलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टर. उत्तरं वहीत लिही, खाली त्यांची सही घे.

मग खुर्ची. माझ्याकडे दांडिया बाजारातल्या एक त्रेसष्ट वर्षांच्या काकू यायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना फक्त खुर्चीवर बसून उठायला सांगितलं. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले, श्वास कोंडला, पाय खुर्चीच्या बऱ्याच पुढे, आणि 'हं' करून झटक्याने उठल्या. उठल्यावर एक पाऊल मागे गेल्या. मी म्हटलं, काकू, टाचा जरा खुर्चीकडे ओढा. हात छातीवर. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येऊ दे, श्वास सोडत उठा. त्या उठल्या. हाताचा आधार न घेता. त्या आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या, जणू हात कुठे ठेवले ते विसरल्या. बारा वर्षं त्या हात टेकूनच उठत होत्या. पुढचे तीन महिने आम्ही जवळजवळ याच एका गोष्टीवर घालवले. खुर्ची, मग जरा बुटकी खुर्ची, मग पाट, मग जमीन. त्यांना वजन कमी करायचं नव्हतं. नवरात्रात नातीबरोबर गरब्याची एक फेरी धरायची होती आणि पूजेला जमिनीवर बसून आपली आपण उठायचं होतं. दोन्ही झालं.

तू म्हणशील, यात माझा खो-खो कुठे? तो तुझ्या डोळ्यांत आहे. नऊ मिनिटांच्या डावात चौकात बसून तू काय करायचीस ते आठव. पळणारीच्या खांद्यावरून ओळखायचीस ती कुठे वळणार, पाय उचलायच्या आधी. वजन कुठल्या पायावर गेलंय ते तुला न सांगता दिसतं. स्क्वॉट करताना उजव्या गुडघ्याला वाचवायला बाई डावीकडे कलतात, हे त्यांना स्वतःला जाणवायच्या आधी तुला दिसेल. हे पुस्तकातून यायला लोकांना वर्षं लागतात.

आणि दुसरी पुंजी म्हणजे तो गुडघा. तू त्याला नुकसानीच्या बाजूला लिहिलंयस. अकाउंट्सवाली आहेस, जमेला लिही. ऑपरेशननंतर मांडी कशी सुकत गेली, पहिल्यांदा जिना उतरताना पायावर भरवसा टाकायला किती दिवस लागले, डॉक्टर 'सगळं ठीक' म्हणत होते तरी मन कसं मागे ओढत होतं, हे तुला ठाऊक आहे. गुडघ्याला घाबरणारी बाई समोर आली की 'काही होत नाही हो' असं तू म्हणणार नाहीस. एक सांभाळ मात्र. तुझ्यावर फिजिओ झाली म्हणून तू फिजिओथेरपिस्ट झालेली नाहीस. सूज, सुन्नपणा, रात्रीचं दुखणं, पायात उतरणारी कळ असेल तर तो रुग्ण तुझा नव्हे. ओळखीचे दोन चांगले फिजिओ हाताशी ठेव आणि चिठ्ठी देऊन पाठव. माझ्याकडे आज येणारी निम्मी माणसं फिजिओंनीच पाठवलेली असतात, कारण मीही त्यांच्याकडे पाठवते.

सर्टिफिकेट मागाहून कर असं जे म्हणतात त्यांच्याकडे आत्ता जाऊ नकोस. त्यांना तुझं नाव भिंतीवर लावायचंय. आधी शिक, मग जा. सर्वांत पहिलं, या महिन्यातच, सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवायचा उपाय, शिकून घे. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करून बघ, वाचून येत नाही ते. एसीई, एनएससीए, एसीएसएम या अमेरिकन संस्थांच्या पर्सनल ट्रेनरच्या परीक्षा आपल्याकडच्या मोठ्या जिम मानतात. मुंबईच्या के-इलेव्हनसारख्या आपल्याकडच्या संस्थाही शिकवतात. फी चांगलीच असते, म्हणून आताची नोकरी तेवढ्यासाठी राहू दे. परीक्षा इंग्रजीत असते याची धास्ती घेऊ नकोस. स्नायूंची नावं इंग्रजांनाही पाठच करावी लागतात, ती लॅटिन आहेत. भिंतीवर मोठं चित्र लाव आणि रोज पाच नावं स्वतःच्या अंगावर बोट ठेवून म्हण. दोन दिवसांत, परीक्षेशिवाय सर्टिफिकेट देणारे भेटतील. त्यांना नमस्कार.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा आणि बी.पी.एड. यांचीही नावं लोक तुला सुचवतील. ते रस्ते वेगळे आहेत. पहिला खेळाचा प्रशिक्षक व्हायचा, दुसरा दोन वर्षांचा, शाळेत शिकवायचा. शाळेचं मैदान मनातून जात नसेल तर बी.पी.एड.चा विचार जरूर कर. क्रीडा विद्यापीठही आता आपल्याच जिल्ह्यात, डेसरला आहे. तिथे काय शिकवतात ते एकदा जाऊन विचारून ये.

पैशाचं सरळ सांगते. या धंद्याचे तास सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. दुपार मोकळी, पण त्या वेळी घरी कोणी नसतं. लग्न, मुलं यांचा विचार असेल तर या वेळा घरी आधी मोकळेपणाने बोलून घे. बारा हजार हा पाया झाला, खरं उत्पन्न पर्सनलच्या वाट्यातून. तो वाटा किती टक्के, ग्राहक मधेच सुट्टीवर गेला तर काय, तू जिम सोडलीस तर ग्राहक कोणाचा, हे सगळं कागदावर घे. मी सुरुवातीला एका जिममध्ये तोंडी बोलीवर काम केलं. चार महिन्यांचा वाटा 'पुढच्या महिन्यात' म्हणता म्हणता गेला, आणि माझ्याकडे दाखवायला एक चिटोरं नव्हतं. आणि बडोद्याचा हंगाम लक्षात ठेव. नवरात्राआधी दोन महिने झुंबड. सगळ्यांना नऊ रात्री टिकायचं असतं आणि चनियाचोळी बसायला हवी असते. दसऱ्यानंतर दिवाळी संपेपर्यंत शुकशुकाट. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय कंपनी सोडू नकोस. झुंबडीत येणाऱ्यांनाही दोनशे बैठका नकोत हं. गरब्यात पोटरी आणि घोटा आधी बोलतात. टाचा वर-खाली, एका पायावर उभं राहणं, हळूहळू वाढवत नेलेलं चालणं दे. आणि छातीत कळ, दरदरून घाम आला तर फेरी सोडून बसायचं आणि अँब्युलन्सचा १०८ लावायचा, हेही सांग.

डब्यांचं. नको. प्रोटीन विष नाही, मी स्वतः कधीमधी घेते. पण ज्याच्या विक्रीवर तुला कमिशन आहे त्याची गरज समोरच्याला आहे की नाही, हे तुला नीट दिसणार नाही. माणूस कितीही चांगला असो, दिसत नाही. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं मार्गदर्शन आहे. चांगला व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. आपल्याकडच्या शाकाहारी ताटात ते डाळ, दही, पनीर, सोयाबीन, उसळीतून बरंचसं बसवता येतं. शेव-उसळीतली उसळ वाढव आणि शेव कमी कर, एवढं तू सांगू शकतेस. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह, थायरॉइड असेल तर आहारतज्ज्ञाकडे पाठव. युनिव्हर्सिटीत फूड्स अँड न्यूट्रिशन विभाग आहे, तिथून शिकलेल्या मुली या शहरात पुष्कळ आहेत. आणि चरबी जाळायच्या गोळ्या, इंजेक्शनं असलं काही त्या जिमच्या कपाटात दिसलं तर तिथे एक दिवसही थांबू नकोस.

आता तुझा शेवटचा प्रश्न, खेळाडू म्हणून संपले का. स्पर्धा संपल्या, मुली. ते खोटं बोलून तुला बरं वाटायला लावणार नाही. पण मैदान तुला कोणी बंद केलेलं नाही. रविवारी सकाळी जुन्या मैदानावर जा आणि पाचवीच्या मुलींना खो द्यायला शिकव. पैसे घेऊ नकोस, तेवढी एक जागा हिशेबाबाहेर राहू दे. आणि त्यातली जी मागे पडते, दम लागतो म्हणून कडेला बसते, तिच्याजवळ आधी जा. मी चारशे मीटर सोडल्यावर सहा वर्षांनी पहिल्यांदा ट्रॅकवर गेले, नुसती कडेला उभी राहायला. तू एवढी वाट बघू नकोस.

आणि हे पत्र वाचून झालं की एक काम कर. बाबा साठीचे असतील ना? घरात हात नसलेली, बैठक जमिनीपासून सतरा इंचांवर असलेली खुर्ची शोध, भिंतीला टेकवून ठेव. बाबांना बसव, हात छातीवर, पाय जमिनीवर सपाट. तीस सेकंद लाव आणि पूर्ण उभे राहून किती वेळा उठतात ते मोज. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांत १४ ते १९ हा सर्वसाधारण आकडा. गुडघा कुरकुरला तर तिथेच थांबव. 'अजून पाच' म्हणू नकोस. आकडा आणि तारीख नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजून मला कळव.

तुझी,
ताई